गरीब म्हणजे परदेशी

मराठीत गरीब म्हणजे ज्याच्या खिशात पैसा नाही तो. किंवा स्वभावाने मवाळ, कोणी काही बोललं तरी ऐकून घेणारा. 'गरीब गाय' म्हणतो त्यातला गरीब. अरबीत मात्र या शब्दाचा पैशाशी काही संबंध नाही. तिथे गरीब म्हणजे परका, अनोळखी, आपला मुलूख सोडून दुसऱ्याच्या मुलखात राहणारा. उर्दूने हा जुना अर्थ अजून थोडा सांभाळून ठेवलाय. 'अजीबोगरीब' म्हणतात तेव्हा त्यातला गरीब कंगाल नसतो, कधी न पाहिलेला, चमत्कारिक असा असतो. 'गुरबत' म्हणजे आज गरिबी. पण जुन्या शायरीत गुरबत म्हणजे परमुलखात एकट्याने काढलेले दिवस. मोहरमच्या दहाव्या दिवशीच्या संध्याकाळीला 'शाम-ए-गरीबां' म्हणतात. तीही परक्या भूमीत उघड्यावर पडलेल्यांचीच संध्याकाळ. नववीच्या मुलांना हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते.

आपल्या दख्खनमध्ये पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी 'गरीब' नावाचा एक मोठा गट होता आणि तो अजिबात गरीब नव्हता. इराण, इराक, खुरासान, गिलान, तुर्कस्तान, अरबस्तान इथून समुद्रमार्गे आलेली ही माणसं. घोडदळात, तिरंदाजीत, हिशेबात, व्यापारात, वैद्यकीत तरबेज. त्यांचं दुसरं नाव आफाकी. 'उफुक' म्हणजे क्षितिज, त्याचं अनेकवचन 'आफाक'. क्षितिजापलीकडून आलेले ते आफाकी. आणि जे इथलेच होते, किंवा स्वतःला इथलेच म्हणवत होते, ते दखनी. बहमनी राज्यापासून निजामशाही-आदिलशाहीपर्यंत जवळपास दोनशे वर्षं दख्खनचं राजकारण या दोन शब्दांभोवती फिरलं.

हे सगळं उकरून काढण्याचं कारण साधं आहे. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. रेल्वेत, लग्नात, निवडणुकीच्या ड्युटीवर. मी तालुक्याचं नाव सांगतो. मग पुढचा प्रश्न, 'नाही, मूळचे?' विचारणारा बहुतेक वेळा चांगला माणूस असतो. त्याच्या डोक्यात एवढंच असतं की मुसलमान म्हणजे कुठून तरी आलेला. त्याला हे माहीत नसतं की याच मातीत मुसलमानांनीच मुसलमानांना हा प्रश्न शेकडो वर्षं विचारलाय, आणि त्यापायी एकमेकांची डोकीही उडवलीत.

आधी दखनी कोण ते पाहू. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं देवगिरीला आणून बसवली. त्यांच्यातले पुष्कळ जण परत गेले नाहीत. १३४७ मध्ये दख्खनच्या अमीरांनी दिल्लीचं जोखड झुगारलं आणि बहमनी राज्य उभं राहिलं. त्याची राजधानी आधी गुलबर्ग्याला, मग बिदरला. ही दोन्ही शहरं आपल्या जिल्ह्याच्या शेजारची. या दिल्लीकरांची मुलं-नातवंडं, धर्म बदललेले स्थानिक लोक, आणि हळूहळू त्यांच्या बाजूला उभे राहिलेले हबशी, असा मिळून दखनी गट तयार झाला. म्हणजे 'आम्ही इथले' म्हणणाऱ्यांतल्या अनेकांचे पणजोबा-खापरपणजोबा शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीतून नर्मदा ओलांडून आले होते. शंभर वर्षं पुरली.

दिल्लीशी वैर झालं तसा उत्तरेकडून माणसं येण्याचा रस्ता आटला. नवी माणसं हवीत तर ती समुद्रावरून आणायची. फिरोजशाह बहमनी गोवा आणि चौलच्या बंदरांतून दरवर्षी जहाजं पाठवायचा आणि मालाबरोबर हुशार माणसंही आणायला सांगायचा, असं फरिश्ता लिहितो. पुढे त्याचा भाऊ अहमदशाह १४२२ मध्ये गादीवर आला तो खलफ हसन बसरी नावाच्या एका परदेशी व्यापाऱ्याच्या मदतीने. अहमदशाहने त्याला 'मलिक-उत-तुज्जार', व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब दिला. किताब व्यापाऱ्याचा आणि काम सेनापतीचं. दखनी अमीरांना हे किती झोंबलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. चाळीस वर्षं एका कचेरीत घासलेल्या माणसाच्या डोक्यावर बाहेरून आणलेला साहेब बसवल्यासारखं.

पुढच्या सुलतानाच्या काळात, म्हणजे दुसऱ्या अलाउद्दीन अहमदच्या वेळी, खानदेशच्या फारुकीविरुद्ध मोहीम निघाली. खलफ हसनने अट घातली की माझ्याबरोबर एकही दखनी नको. केवळ आफाकी फौज घेऊन तो गेला आणि बुलढाण्याकडच्या रोहणखेडला जिंकला. सुलतान एवढा खूश झाला की त्याने फर्मावलं, यापुढे दरबारात आफाकी उजव्या हाताला उभे राहतील, दखनी आणि हबशी डाव्या. फरिश्ता म्हणतो की दोघांमधलं वैर तेव्हापासून पक्कं झालं. मला हे खरं वाटतं. पगार कमी-जास्त असला तर माणूस घरी बोलून गप्प बसतो. पण रोज सकाळी सगळ्यांच्या देखत डाव्या बाजूला उभं राहायला लावलं की ते विसरता येत नाही.

त्याचा परिणाम चाकणला दिसला. पंधराव्या शतकाच्या मध्यावर हाच खलफ हसन कोकणच्या मोहिमेवर गेला. तिथल्या शिर्के सरदाराने त्याला सांगितलं की मी मुसलमान व्हायला तयार आहे, पण खेळण्याचा राजा मला टोमणे मारील, आधी त्याला संपवू, मी वाट दाखवतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. शिर्क्याने वाट दाखवली ती अशा दाट रानात, जिथे घोडा वळवायलाही जागा नव्हती. दखनी आणि हबशी सरदार रानात शिरलेच नाहीत, ते मागे थांबले. रात्री हल्ला झाला. खलफ हसन आधीच आजारी होता, तो मारला गेला, त्याच्याबरोबर हजारो मेले. वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात आले. आपण बिदरला जाऊन सांगू की दखन्यांनी आपल्याला मरायला सोडलं, असं त्यांच्यातले काही जण बोलत होते. ही गोष्ट दखनी सरदारांच्या कानावर गेली आणि त्यांनी आपलं पत्र आधी पोचवलं: आफाक्यांनी बंड केलंय, चाकण बळकावलंय. सुलतानाने ते पत्र खरं मानलं. आफाक्यांची पत्रं वाटेतच अडवली गेली. दोन महिने वेढा पडला. शेवटी अभयाचं फर्मान दाखवून त्यांना बाहेर काढलं, जेवायला बसवलं आणि कापून काढलं. फरिश्ता आकडा देतो: बाराशे सय्यद आणि सुमारे हजार इतर परदेशी. काही थोडे घोडेस्वार वेगळ्या तळावर होते म्हणून निसटले आणि बिदरला पोचले. तेव्हा सुलतानाला खरं काय ते कळलं, आणि मग दखन्यांची पाळी आली. कट करणाऱ्या दोघा सरदारांना पुढे महारोग झाला, असंही फरिश्ता सांगतो.

आता इथे जरा थांबलं पाहिजे. हा फरिश्ता कोण? मुहम्मद कासिम हिंदूशाह, जन्म कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा, लहानपणीच बापाबरोबर अहमदनगरला आलेला. म्हणजे तो स्वतः आफाकी. निजामशाहीचा इतिहास 'बुरहान-ए-मआसिर' लिहिणारा सय्यद अली तबातबा, तोही परदेशी. विजापूरचा 'तजकिरत-उल-मुलूक' लिहिणारा रफीउद्दीन शिराजी, त्याचं तर नावच शिराजचं. इथल्या लोकांना परदेशी माणसं कशी वाटत होती हे जाणून घ्यायला आपण ज्या तिघांकडे जातो, ते तिघेही परदेशी. लेखणी त्यांच्या हातात होती, फारसी त्यांची भाषा होती. दखनी माणूस त्यांच्या पुस्तकांत येतो तो बहुतेक वेळा अडाणी, मत्सरी, कारस्थानी म्हणून. शिर्क्याचा डाव त्यांनी लिहिला, पण त्या रानातल्या गावांवर ही फौज कशासाठी चालून गेली होती याबद्दल त्यांना फारसं काही सांगायचं नाही. महारोगाची गोष्ट वाचताना मी एवढं लक्षात ठेवतो. तरी चाकणला जे झालं ते झालं नाही असं म्हणता येणार नाही. अभय देऊन, ताट वाढून मारणं हे कुठल्याही बाजूच्या लेखणीने लिहिलं तरी तेच राहतं.

महमूद गवानची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. गिलानचा हा माणूस १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. बिदरचा मदरसा त्याचा, १४७२ चा. दखनी आणि आफाकी यांच्यात समतोल राहावा म्हणून त्याने पदं दोघांत वाटली, चार सुभ्यांचे आठ केले, सुभेदारांच्या हातातले किल्ले काढून घेतले. समतोल साधणाऱ्यावर दोन्हीकडून राग असतो, तसा त्याच्यावर होता. ओरिसाच्या राजाला लिहिल्याचं एक बनावट पत्र सुलतानाला दाखवण्यात आलं आणि ५ एप्रिल १४८१ ला त्याचं डोकं उडवलं गेलं. नंतर त्याच्या घराची झडती घेतली तर चटई, मातीची भांडी आणि पुस्तकं. कटामागचा मुख्य माणूस मलिक हसन, धर्मांतरित ब्राह्मण घरातला. त्याचाच मुलगा अहमद, निजामशाहीचा पहिला राजा. 'बाहेरच्याला' संपवणारा हा 'इथला' माणूस मुसलमान होता, आणि मारला गेलेलाही मुसलमान. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येतं.

आता आपल्या जिल्ह्यात येतो. परंड्याचा किल्ला महमूद गवानने बांधला असं सांगतात. बहमनी राज्य फुटत होतं तेव्हा परंड्याची जहागीर ख्वाजा जहान दखनी नावाच्या सरदाराकडे होती. नावातच दखनी. त्याच्याकडे एक परदेशी पाहुणा आला, आणि ही गोष्ट मला चाकणपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती कोणी सांगत नाही.

शाह ताहिर हा इराणातला मोठा विद्वान. शाह इस्माईल सफवीची मर्जी फिरली तसा जीव वाचवून तो पळाला, १५२० मध्ये गोव्याला उतरला. विजापूरला त्याची फारशी कोणी विचारपूस केली नाही. मग हजला जावं म्हणून निघाला आणि वाटेत परंड्याला आला. ख्वाजा जहानने त्याला थांबवून घेतलं. माझ्या मुलांना शिकवा, म्हणाला. म्हणजे दखनी सरदाराच्या घरात, आपल्या परंड्यात, एक इराणी निर्वासित शिक्षक झाला. याच सुमारास अहमदनगरच्या बुरहान निजामशाहाचा उस्ताद पीर मुहम्मद शिरवानी काही कामासाठी परंड्याला आला. काम राहिलं बाजूला, तो शाह ताहिरपाशी 'अल-मजिस्ती' शिकायला बसला. टॉलेमीचा खगोलशास्त्राचा ग्रंथ, अरबीतला. वर्षभर तो तिथे राहिला. परंड्याच्या त्या काळ्या दगडांच्या आत दोन परदेशी माणसं एका दखनी माणसाचं अन्न खाऊन ग्रहताऱ्यांचं गणित सोडवत बसली होती, हे मी मुलांना सहलीला नेलं की आवर्जून सांगतो. ती तोफा बघण्यात दंग असतात.

तोफेचंही सांगतो. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान, सुमारे ५५ टनांची, ती काही काळ परंड्यालाच होती. १५४९ मध्ये अहमदनगरला ती ओतली मुहम्मद बिन हुसेन रूमी याने. रूमी म्हणजे तुर्की मुलखातला. १६३२ मध्ये मुरार पंडिताने ती परंड्याहून विजापूरला ओढून नेली. ओतणारा तुर्क, ठेवणारे निजामशाही, ओढून नेणारा ब्राह्मण आणि ओढणारे बैल, ते तर नक्कीच दखनी.

परत शाह ताहिरकडे. पीर मुहम्मदने अहमदनगरला जाऊन त्याची एवढी तारीफ केली की बुरहानने त्याला १५२२ मध्ये बोलावून घेतलं. पुढे १५३७ च्या सुमारास त्याच्या प्रभावाने बुरहान शिया झाला. त्यावर शहरात दंगा उसळला. या दंग्याचा पुढारी कोण? तोच पीर मुहम्मद शिरवानी! त्याचा जुना शागीर्द, स्वतः परदेशी, पण सुन्नी. बंड मोडलं, पीर मुहम्मद कैदेत पडला, आणि त्याचा जीव वाचावा म्हणून राजाकडे रदबदली केली ती शाह ताहिरने. दखनी म्हणजे सुन्नी, आफाकी म्हणजे शिया, असं एक सोपं कोष्टक बऱ्याच पुस्तकांत असतं. या दोन माणसांना त्या कोष्टकात बसवून दाखवा.

विजापूरकडे पहिल्या इब्राहीम आदिलशहाने १५३४ मध्ये गादीवर आल्यावर आफाक्यांना नोकरीतून काढून टाकलं, फक्त चारशे ठेवले. दखनी आणि हबशी पुढे आले. दफ्तरातली फारसी काढून हिशेब इथल्या भाषेत, म्हणजे मराठीत, ठेवायला सांगितलं आणि त्यासाठी ब्राह्मण कारकून नेमले. मराठीचे अभिमानी लेखक या निर्णयाचं कौतुक करतात. मीही मराठी शिकवतो, मलाही त्याचं बरं वाटतं. पण हे कौतुक करताना वाक्याचा पहिला अर्धा भाग कोणी लिहीत नाही. आपल्या भाषेला दफ्तरात खुर्ची मिळाली ती कोणाला तरी घरी पाठवून. काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांना विजयनगरच्या रामरायाने कामावर घेतलं, आणि ते मुजरा करताना अडखळू नयेत म्हणून दरबारात आपल्या शेजारी कुराण ठेवायची सोय केली. पुढे इब्राहीमचा मुलगा अली १५५८ मध्ये गादीवर आला, त्याने सगळं उलटं केलं, फारसी परत, आफाकी परत. मग त्याच्यानंतर पुन्हा उलटं. सरकार बदललं की बदल्या व्हाव्यात तसं.

या उलटसुलटीतला सगळ्यात वाईट दिवस अहमदनगरला १५८९ मध्ये उगवला. मिर्झा खान या परदेशी वजिराने तरुण राजा मीरान हुसेनला कैदेत टाकून दुसरा मुलगा गादीवर बसवला. जमाल खानाच्या नेतृत्वाखाली दखनी आणि हबशी किल्ल्यापुढे जमले, आमचा राजा दाखवा म्हणून. मिर्झा खानाने राजाचं मुंडकं बाहेर दाखवलं. त्यानंतर लोकांनी किल्ल्याचा दरवाजा जाळला आणि आठवडाभर जो आफाकी दिसेल त्याला मारलं. राजाचा खून केला एकाने आणि मेले सुमारे हजार, ज्यांच्यातले कितीतरी व्यापारी, कारागीर, साधी माणसं. जमावाला गट दिसतो, माणूस दिसत नाही. फरिश्ता तेव्हा अहमदनगरमध्येच होता. जीव वाचवून तो वर्षाअखेर विजापूरला गेला. तिथे राज्याचा कारभार होता दिलावर खान हबशीकडे. अहमदनगरला हबशी आफाक्यांना मारत होते आणि विजापूरला एका हबशाने या आफाक्याला दरबारात नेलं. तिथे बसून त्याने तो इतिहास लिहिला.

तर हबशी. माझ्या मनात या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा प्रश्न त्यांचाच आहे. इराणपेक्षा आफ्रिका काही जवळ नाही. हबशी माणूस दिसायला वेगळा, बोलायला वेगळा, जहाजातूनच आलेला. मग तो पहिल्या पिढीतच दखनी कसा धरला गेला, आणि इराण्याच्या तिसऱ्या पिढीलाही 'गरीबजादा' का म्हणत राहिले?

मलिक अंबर बघा. इथिओपियात जन्म, मूळ नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान, बगदाद असं फिरत शेवटी निजामशाहीच्या चंगेज खान नावाच्या पेशव्याकडे आला, जो स्वतःही कधी काळी गुलाम असलेला हबशी होता. मालक मेल्यावर अंबर मोकळा झाला, शिपाईगिरी करू लागला. १६०० मध्ये अहमदनगर मुघलांच्या हाती गेलं तेव्हा निजामशाही संपली असं दिल्लीला वाटलं. अंबरने राजघराण्यातल्या एका तरुणाला शोधून काढलं, त्याला आपली मुलगी दिली आणि परंड्याला त्याला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवलं. म्हणजे काही काळ आपलं परंडा हे एका राज्याचं तख्त होतं, आणि ते चालवणारा माणूस होता आफ्रिकेतून विकत आणलेला. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याने मराठा घोडदळ हाताशी धरून मुघलांना सळो की पळो केलं. १६१० मध्ये खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. जमिनीची मोजणी, साऱ्याची पद्धत, खडकीची नहर, यांच्यामुळे मराठी माणसाने त्याला आपला मानलं. जहांगीर मात्र आपल्या आत्मचरित्रात त्याला काळतोंड्या असल्या शिव्यांखेरीज नाव घेत नाही, आणि त्याच्या चित्रकाराने तर अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्यावर बादशहा बाण मारतोय असं चित्रच काढलं. प्रत्यक्षात ते मुंडकं कधी हाती लागलं नाही. १६२६ मध्ये अंबर म्हातारपणाने वारला, कबर खुलताबादला आहे.

एक डच व्यापारी, पीटर व्हान डेन ब्रुक, अंबरला भेटला होता. त्याने लिहून ठेवलंय की मुर्तजाची एक इराणी बायको अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून टोमणे मारायची, आणि यातूनच मुर्तजाचा शेवट विषाने झाला. दोन्ही बायका बाहेरून आलेल्या घरांतल्या. एकीला दुसरी परकी वाटत नव्हती, खालची वाटत होती. इराण्याच्या मनात 'परदेशी' म्हणजे मोठ्या मुलखातून आलेला, आणि दख्खन म्हणजे जिथे पैसा मिळतो ती जागा. दखन्याला नेमकं तेच खुपत होतं. आफाकी इथे कमवायचा, पत्रं गिलान-शिराजला लिहायचा, लग्नं आपल्यात करायचा आणि उतारवयात कर्बला-मशहदला जायची स्वप्नं बघायचा. हबशाला परत जायला गावच उरलेलं नव्हतं. त्याने इथली भाषा घेतली, इथली बायको केली, इथली भांडणं आपली मानली. माझ्या समजुतीप्रमाणे 'इथला' आणि 'बाहेरचा' यांची ओळ जन्मगावावरून पडत नव्हती. ती पडत होती माणूस परत जाणार आहे का, यावरून, आणि थोडीफार तो आपल्याला डाव्या हाताला उभं करतोय का, यावरूनही.

भाषेतही हेच दिसतं. नळदुर्गला पाणीमहाल आहे, बोरी नदी बांधावरून उडी मारते ती 'नर-मादी' बघायला पावसाळ्यात गर्दी होते. तो दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातला. या इब्राहीमकडे अकबराचा वकील असद बेग गेला होता, त्याने नोंदवलंय की सुलतानाला मराठी सफाईने येतं, फारसी मात्र अडखळत. त्याच्याच पदरी खुरासानहून आलेला जुहूरी फारसी गद्याचा इमला रचत होता आणि सुलतान स्वतः दखनीत 'किताब-ए-नौरस' लिहीत होता. ही दखनी आजही आमच्या घरात आहे. 'नक्को' आम्ही मराठीतून घेतला, 'मैंच', 'वैसाइच' मधला 'च' मराठीचाच. बी.एड.ला एका उत्तरेकडच्या मास्तरांनी माझ्या तोंडचा 'नक्को' ऐकून वर्गात विचारलं होतं, ये कौन सी जबान है? दखन्याला कमी लेखणारा आवाज कुठून येतो हे त्या दिवसापासून मला पुस्तकात शोधावं लागलं नाही.

निजामाच्या राज्यात हे सगळं नव्या नावाने परत आलं. पहिल्या सालारजंगाने कारभार सुधारायला उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी आणले. मोहसिन-उल-मुल्क, सय्यद हुसेन बिलग्रामी, चिराग अली अशी मोठी माणसं. १८८४ मध्ये फारसी जाऊन उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. हैदराबादच्या जुन्या घराण्यांनी या नव्या साहेबांना 'गैरमुल्की' म्हटलं आणि स्वतःला 'मुल्की'. तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण नळदुर्ग होतं, १९०४ मध्ये ते धाराशिवला आलं. अरबस्तानातल्या हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आलेले अरबही याच काळात मराठवाड्यात पसरले, त्यांना चाऊस म्हणतात. तुर्की फौजेतल्या एका हुद्द्याचं हे नाव. एकेकाळी व्याजाच्या वसुलीसाठी अरबांच्या नावाने गावं थरथरायची. आज माझ्या वर्गातला चाऊस मुलगा मला 'सर, नक्को ना' म्हणतो आणि त्याला हद्रमौत नकाशात दाखवावं लागतं. आणि गंमत म्हणजे आमच्याच गावात परदेशी आडनावाचं एक हिंदू कुटुंब आहे, दहा पिढ्या तरी इथलंच.

१९१९ च्या मुल्की नियमांत मुल्की कोण याची व्याख्या कागदावर आली. जन्माने राज्याचा प्रजाजन असलेला तो मुल्की. बाहेरून आलेलाही मुल्की होऊ शकतो, पण त्याने पंधरा वर्षं सलग इथे राहिलेलं पाहिजे, आणि आपण पूर्वीच्या गावी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे असं प्रतिज्ञापत्र द्यायला पाहिजे. चाकणला जो प्रश्न तलवारीने सोडवायला घेतला होता, तो इथे स्टॅम्पपेपरवर आला. मलिक अंबरने हे प्रतिज्ञापत्र डोळे मिटून दिलं असतं. महमूद गवान अठ्ठावीस वर्षं इथे होता, पण शेवटपर्यंत गिलानला पत्रं लिहीत होता.

पोलीस ॲक्शननंतर बाहेरचे अधिकारी आले आणि १९५२ मध्ये हैदराबादेत मुल्की आंदोलन पेटलं. 'गैरमुल्की गो बॅक', 'इडली सांबार गो बॅक' अशा घोषणा, गोळीबार, मेलेली मुलं. या वेळी मुल्कींमध्ये हिंदू होते, मुसलमान होते, तेलुगू होते, मराठीही होते. आणि गैरमुल्की होते मुख्यतः मद्रासकडचे.

आमच्या घरी आजोबांचं मुल्की सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत होतं, उर्दूत टंकलेलं, खाली तालुकदाराचा शिक्का. त्यांना हैदराबादेत नोकरी मिळाली ती त्यावर. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबाद आंध्र प्रदेशात गेलं, आणि ज्या शहरात ते मुल्की होते तिथे त्यांना कोणी विचारलं तर दुसऱ्या राज्याचं नाव सांगावं लागू लागलं. ते दोन वर्षांनी गावी परतले. दहावीचा निकाल लागला की आता मी मुलांचे अधिवास प्रमाणपत्राचे अर्ज तपासून देतो. त्यातही महाराष्ट्रातल्या रहिवासाची अट पंधरा वर्षांचीच आहे. परत जाण्याच्या विचाराचा रकाना तेवढा नाही.